कसोटी किती दिवस चालली ते सोडा, चेंडू किती उठतोय ते बघा

निपाणीकडच्या एका शाळेत मुलांना क्रिकेट शिकवणाऱ्या तरुण सरांनी प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: "आपल्याकडं कसोटी अडीच दिवसांत आटोपली की आखाडा, म्हणजे पहिल्यापासून वळणारी धुळीची पट्टी, केला म्हणून ओरड होते. ऑस्ट्रेलियात दोन दिवसांत संपली की म्हणतात, गोलंदाज भारी होते. मग न्याय्य खेळपट्टी म्हणायची तरी कुठली? यजमानांना आपल्या सोयीची पट्टी करायचा हक्क असावा का? आणि आमच्या तालुका स्पर्धेत मॅटिंगवर, म्हणजे चटईच्या पट्टीवर, जे चालतं, एका सामन्यात तर दुसऱ्या डावाआधी चटई परत ताणली, त्याला काय म्हणायचं?"

सर, मी बेळगावात खेळपट्ट्या करण्यात उमेदीची वर्षं घातली. लीगचे सामने, शाळांचे सामने, अधूनमधून वरच्या दर्जाचे सामने, सगळ्यांसाठी माती कालवली. कसोटीची पट्टी मी केलेली नाही. पण माती, पाणी आणि रोलर हे तिघं कसोटीतही तेच असतात, त्यामुळं बोलायचा थोडा अधिकार आहे असं धरून चालतो.

आधी दिवस मोजायचं सोडा. २०२५ च्या अ‍ॅशेस (ऑस्ट्रेलिया विरुद्ध इंग्लंड) मालिकेनं याचा निकाल लावून दिलाय. नोव्हेंबरात पर्थची कसोटी दोन दिवसांत संपली. डिसेंबरात मेलबर्नची पण दोनच दिवसांत. आयसीसीच्या सामनाधिकाऱ्यांनी पर्थच्या पट्टीला 'अतिशय चांगली' हा सगळ्यात वरचा शेरा दिला आणि मेलबर्नला 'असमाधानकारक'. देश तोच, मालिका तीच, संघ तेच, दिवसही तेवढेच. मग फरक कुठला? पर्थला पहिल्या दिवशी १९ विकेट पडल्या हे खरं, पण चौथ्या डावात ट्रॅव्हिस हेडनं ८३ चेंडूंत १२३ धावा कुटल्या आणि ऑस्ट्रेलियानं दोनशेच्या वरचं लक्ष्य दोन गडी गमावून गाठलं. पट्टीनं दगा दिला असता तर असं कोण मारतो? चेंडू वेगानं येत होता, उसळत होता, पण ज्या टप्प्यावरून जितका उठायला पाहिजे तितकाच उठत होता. मेलबर्नला क्युरेटरनं, म्हणजे पट्टी करणाऱ्यानं, १० मिलिमीटर गवत ठेवलं. पहिल्याच दिवशी २० विकेट, सामन्यात ३६, आणि दोन्ही संघांतल्या एकाही फलंदाजाला पन्नास गाठता आले नाहीत. शिवण पट्टीवर पडली की चेंडू कुठं जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

हाच माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. फलंदाजानं चेंडू पाहिला, टप्पा ओळखला, बरोबर पाय टाकला, तरी तो बाद होतोय का? होत असेल तर पट्टी अन्यायाची. त्याला टप्पाच ओळखता आला नाही, बॅट तिरकी गेली, फिरकी कळली नाही, म्हणून गेला तर पट्टीला कशाला दोष द्यायचा?

म्हणून मी फिरकीपेक्षा उसळीकडं आधी बघतो. फिरकी फलंदाजाला दिसते. मनगट दिसतं, चेंडूची वाट दिसते, दोन-चार षटकांत किती वळतोय याचा अंदाज येतो. शिवाय फार वळणारा चेंडू बॅटला चुकवून जातो. कड लागते ती थोडंसं वळणाऱ्याची. पण एक चेंडू गुडघ्याएवढा आणि त्याच टप्प्यावरचा पुढचा घोट्याखालून, असं झालं की पुढं खेळायचं की मागं, हा निर्णयच निकामी होतो. तिथं सचिन उभा करा नाहीतर आमच्या लीगमधला अकरावा, फरक फार उरत नाही.

इंदूरचं २०२३ चं प्रकरण आठवून बघा. मार्च महिन्यात भारत १०९ आणि १६३ वर बाद झाला आणि ऑस्ट्रेलिया नऊ गडी राखून जिंकला, सामना तिसऱ्या दिवशी सकाळी खलास. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी 'खराब' असा शेरा मारला आणि तीन दोषगुण दिले. बीसीसीआयनं अपील केलं. अपील ऐकणाऱ्यांनी शेरा एक पायरी सौम्य करून एकच दोषगुण ठेवला. कारण काय दिलं? चेंडूची उसळ कमी-जास्त होत होती, पण 'खराब' म्हणण्याइतकी नाही. म्हणजे वरच्या पातळीवरही शेवटी मोजमाप उसळीचंच झालं.

नियम तेव्हाचे वेगळे होते, आता थोडे बदललेत. २०२३ च्या शेवटापर्यंत सहा शेरे होते. आता चार आहेत: अतिशय चांगली, समाधानकारक, असमाधानकारक, अयोग्य. असमाधानकारकला एक दोषगुण, अयोग्यला तीन. पाच वर्षांत सहा साचले की त्या मैदानाला बारा महिने आंतरराष्ट्रीय सामना नाही. शेरा सामनाधिकारी देतो, दोन्ही कर्णधारांचं आणि पंचांचं मत विचारून.

आता मातीकडं येतो, कारण लोक टीव्हीवर बघून पट्टीला शिव्या घालतात, पण उसळ येते कुठून हे फारसं कुणी विचारत नाही.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत देवानं दोन्ही हातांनी दिलंय. खानापूर, बेळगाव, पश्चिमेचा पट्टा म्हणजे तांबडी माती, खाली जांभा. पूर्वेला गोकाक, अथणी, सौंदत्तीकडं निघालात की काळी. आमच्या मैदानावर दोन्हीच्या पट्ट्या आहेत. काळ्या मातीत चिकण जास्त. ओली असते तोवर पाय निघत नाही आणि सुकली की भेगाळते. नीट दाबली तर पट्टी टिकते, पण चेंडू जरा थांबून येतो, उसळ मध्यम. तांबडी लवकर सुकते, कडक होते, चेंडू छातीपर्यंत येतो, आणि वरचा थर सुटायला लागला की धूळ उडून फिरकी पण घेते. वानखेडेवर तांबडी पट्टी असते म्हणतात ती याच जातीची. 'आपल्याकडची फिरकीची पट्टी' असं सरसकट बोलतात त्यांना काळीवरची फिरकी आणि तांबडीवरची फिरकी यांतला फरक माहीतच नसतो. काळीवर चेंडू वळून खाली राहतो, तांबडीवर वळून उठतो. दोन्हीला खेळायची रीत वेगळी.

पट्टी करणं म्हणजे जुन्या काळी खळं करायचे त्याच्यासारखंच काम. पाणी, तुडवणं, दाबणं, सुकवणं, परत पाणी. वरून ओलं दिसतंय म्हणून आत ओल असते असं नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरात आम्ही पट्टीला खोल पाणी देतो, चार बोटं खालपर्यंत तरी मुरलं पाहिजे. मग थांबायचं. वाफसा यायच्या आत रोलर घातला तर माती रोलरला चिकटून वर येते आणि पट्टीवर पोपडे सुटतात. वाफसा निघून गेल्यावर घातला तर रोलर नुसता वरून पळतो, खाली काहीच दाबलं जात नाही. मधले काही तास खरे. आमचा रोलरवाला कानडी माणूस. हातात मूठभर माती दाबून बघतो, उघडतो आणि म्हणतो "साकु", म्हणजे पुरे. त्याचं साकु आलं की मी वाद घालत नाही.

सामन्याच्या दोन दिवस आधी मी शिडी आणतो. एकाच उंचीवरून जुना लेदर चेंडू पट्टीवर सोडायचा. चांगल्या टप्प्याच्या जागी, जरा आखूड जागी, डावखुऱ्याच्या ऑफ-स्टंपबाहेर, दोन्ही टोकांना. शेजारी उभ्या पोरानं फुटपट्टीवर बोट ठेवून किती उठला ते सांगायचं. मला आकडा किती आला यात रस नसतो, रस असतो तो सगळीकडं सारखा आला का यात. एका जागी बोटभर कमी आला तर तिथं खाली पोकळ आहे, भेगेचा तुकडा हलतोय नाहीतर गवताची मुळं मेलीत. हरळीची मुळं मातीला धरून ठेवतात. भेग पडली तरी मुळं जिवंत असली की तुकडा डुलत नाही. वरचं गवत कापून टाकलं आणि मुळंही सुकू दिली की काळ्या मातीचे तुकडे सुटे होतात. मग चेंडू तुकड्याच्या कडेला लागला तर कुठंही जातो. टीव्हीवर भेगा मोठ्या दिसतात म्हणून लोक घाबरतात. भेग रुंद असली तरी तुकडा पक्का असेल तर चिंता नाही. अंगठा दाबून बघायचा. हलला तर दोष.

पट्टी खरंच धोक्याची झाली तर काय होतं ते १९९८ च्या जानेवारीत किंग्स्टनला दिसलं. जमैकातल्या सबिना पार्कची पट्टी नव्यानं घातलेली होती. इंग्लंडचे फलंदाज अंगावर चेंडू घेत होते, फिजिओ आत-बाहेर करत होता, आणि १०.१ षटकांनंतर ३ बाद १७ वर कसोटीच रद्द झाली. खाली माती सारखी बसलेली नसली की वरून इस्त्री केल्यासारखी दिसणारी पट्टीही असं करते.

दुसऱ्या टोकाचा अन्याय लोकांना दिसत नाही, कारण त्यात धावा होतात. मेलबर्नलाच २०१७ मध्ये अ‍ॅलिस्टर कुकनं नाबाद २४४ केल्या, सामना अनिर्णित सुटला आणि पट्टीला 'खराब' असा शेरा मिळाला. २०१४ मध्ये ट्रेंट ब्रिजला भारत-इंग्लंड कसोटीत दोन्ही संघांच्या शेवटच्या जोडीनं शतकी भागीदारी केली. आपल्याकडून भुवनेश्वर आणि शमी, त्यांच्याकडून रूट आणि अँडरसन. अँडरसननं ८१ काढल्या. अकरावा फलंदाज ८१ काढतो त्या पट्टीवर गोलंदाजाचा गुन्हा काय? त्या पट्टीलाही 'खराब' म्हटलं गेलं. बरोबरच आहे. चेंडूला किंमतच नसेल तर तोही अन्याय, फक्त तो सहन करणारे गोलंदाज असतात आणि तक्रार करणारे कमी.

पण फलंदाजीला चांगली आणि मेलेली यांत गफलत करू नका. २०१९ च्या मे महिन्यात इथंच ऑटोनगरच्या मैदानावर भारत 'अ' आणि श्रीलंका 'अ' यांचा चार दिवसांचा सामना झाला. अभिमन्यू ईश्वरननं २३३ काढल्या, प्रियांक पांचाळबरोबर सलामीलाच ३५२. भारत 'अ'नं ५ बाद ६२२ वर डाव सोडला. आकडे बघून कुणीही म्हणेल, पाटा, म्हणजे मेलेली पट्टी. तरी श्रीलंका 'अ' संघ दोनदा बाद झाला आणि सामना एक डाव आणि २०५ धावांनी निकाली निघाला. चांगली पट्टी अशी असते: धावा करणाऱ्याला धावा, टिच्चून टाकणाऱ्याला विकेट.

आता यजमानाचा हक्क. नियमच सांगतो की सामन्याआधी पट्टी निवडणं आणि तयार करणं हे मैदानाच्या व्यवस्थापनाचं काम. सामना सुरू झाला की पंचांचा ताबा. म्हणजे यजमानाला हक्क आहेच, आणि असावा असंच माझं मत आहे. ब्रिस्बेनला आपल्या बंगळूरच्या चिन्नस्वामीसारखी पट्टी मागण्यात काय अर्थ? हवा वेगळी, माती वेगळी, गवत वेगळं. सगळीकडं एकच पट्टी करायची तर कसोटी खेळायला दौरे कशाला काढायचे, एका ठिकाणी बसून खेळा. चेंडूसुद्धा देशागणिक वेगळा: आपल्याकडं एसजी, इंग्लंडात ड्यूक, ऑस्ट्रेलियात कुकाबुरा. त्याच्यावर कुणी 'अन्याय' म्हणून ओरडत नाही. त्यात जिंकून दाखवणं हीच परीक्षा.

हक्काला मर्यादा कुठं, ते एका प्रसंगानं सांगतो. लीगच्या एका सामन्याच्या आदल्या संध्याकाळी यजमान क्लबचा कर्णधार माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, त्या टोकाला डावखुऱ्याच्या ऑफला जरा पाणी मारू नका. त्यांचे पहिले दोघं डावखुरे आहेत." मी विचारलं, "आणि तुझा ओपनर?" तो पण डावखुराच. "मग तो कुठं उभा राहणार, कॅम्पात?" पोरगा हसला आणि गेला. पाणी मी नेहमीसारखंच मारलं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरला गाजली. भारत-ऑस्ट्रेलिया पहिल्या कसोटीआधी ऑस्ट्रेलियाच्या माध्यमांत आरोप झाला की पट्टीच्या ठरावीक भागांना पाणी आणि रोलर दिला नाही, म्हणजे त्यांच्या डावखुऱ्यांसाठी कोरडा तुकडा ठेवलाय. सामन्यात काय झालं? ऑस्ट्रेलियाच्या टॉड मर्फी या ऑफस्पिनरनं पदार्पणातच १२४ धावांत सात विकेट घेतल्या, आणि आपले दोन डावखुरे, जडेजा ७० आणि अक्षर ८४, त्याच पट्टीवर टिकले. भारत एक डाव आणि १३२ धावांनी जिंकला. आता असं करण्यात खोट नाही असं मी म्हणत नाही. पट्टीच्या एका तुकड्याला वेगळी वागणूक देणं मला क्युरेटर म्हणून आवडत नाहीच. पूर्ण पट्टी कोरडी करा, पूर्ण पट्टीवर गवत ठेवा, ती तुमची चव. तुकडा राखणं ही चव नव्हे, सापळा आहे. एवढंच की सापळा दोघांनाही ओलांडावा लागतो, म्हणून तो अर्धा फुकट जातो.

आणि अति केलं की उलटतं. हे पुण्यानं दोनदा शिकवलं. २०१७ मध्ये गहुंज्याच्या पट्टीवर अश्विन-जडेजा ऐन भरात होते, तरी स्टीव्ह ओ'कीफनं ७० धावांत १२ विकेट काढल्या आणि भारत ३३३ धावांनी हरला. पट्टीला 'खराब' शेरा. २०२४ मध्ये तिथंच मिचेल सँटनरनं १३ विकेट घेतल्या, भारत ११३ धावांनी हरला आणि २०१२ नंतर पहिल्यांदा घरची मालिका गेली. २०२५ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला तर १२४ चं लक्ष्य होतं, आपण ९३ वर बाद. त्या सामन्यात पन्नाशी गाठणारा एकटा दक्षिण आफ्रिकेचा टेंबा बवुमा, नाबाद ५५.

कारण समजून घ्या. चांगल्या पट्टीवर अश्विन आणि साधा फिरकीवाला यांच्यात मोठं अंतर असतं. अश्विन हवेत फसवतो, कोन बदलतो, वेग कमी-जास्त करतो. पट्टीच पहिल्या तासापासून अर्धं काम करायला लागली की साध्याला फक्त टप्पा राखायचा असतो. बाकीचं माती बघते. म्हणजे यजमानाकडं चांगले फिरकीवाले असतात म्हणून तो आखाडा करतो, आणि आखाड्यावर त्यांचा चांगुलपणाच निकामी होतो. हिरव्या पट्टीचंही तेच. केपटाऊनला जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका ५५ वर बाद झाली, सिराजच्या सहा विकेट. भारताच्या शेवटच्या सहा विकेट एकही धाव न वाढता पडल्या, आणि ६४२ चेंडूंत कसोटी संपली. निकाल लागलेल्या कसोट्यांमधली सगळ्यात आखूड. तिथंही शेरा 'असमाधानकारक' आला, आणि तो यायलाच पाहिजे होता. रोहित शर्मा तेव्हा बोलला त्याचा मथितार्थ एवढाच, की आम्ही इथं तोंड बंद ठेवून खेळतो, तुम्हीही भारतात आल्यावर तसंच करा. यात तथ्य आहे. पण दोन वाईट पट्ट्या एकमेकींना चांगलं करत नाहीत.

नाणेफेकीचं विचाराल तर मला ती कसोटीत जरा जड वाटते. जितकी पट्टी झपाट्यानं बिघडणार तितकं नाण्याचं वजन वाढतं. २०२५ मध्ये इंग्लंडात आपण पाचही नाणेफेकी हरलो तरी मालिका २-२ सुटली, कारण पट्ट्या पाच दिवस टिकल्या. इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत २०१६ पासून काही हंगाम पाहुण्या संघाला वाटलं तर नाणं न उडवता आधी गोलंदाजी घ्यायची मुभा होती. हेतू हा की यजमानांनी हिरवीगार पट्टी करून नाण्यावर सामना मारू नये, आणि फिरकीवाल्यांना काही काम मिळावं. २०२० पासून ती मुभा गेली. कसोटीत हे आणलं तर यजमान भीतीनं मेलेल्या पट्ट्या करतील असा धोका आहे. तरी मला प्रयोग बघायला आवडेल, कारण कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या गुणतक्त्यात अनिर्णित सामना यजमानालाही परवडत नाही.

सामना सुरू झाल्यावरचं थोडं. पट्टीला पाणी मारायचं नाही. फलंदाजी करणाऱ्या संघाचा कर्णधार दिवसाच्या सुरुवातीला आणि डावाच्या आधी रोलर मागू शकतो, जास्तीत जास्त सात मिनिटं. दोन रोलर असतील तर कुठला हे तोच ठरवतो. जड रोलर घेतल्यानं पट्टी सपाट होते असा समज आहे. फुटलेल्या कोरड्या पट्टीवर तोच रोलर तुकडे अजून सुटे करतो. क्रीझपुढं पाच फुटांपासून, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट, या भागात गोलंदाजानं पळत जायचं नाही. फैसलाबादला नोव्हेंबर २००५ मध्ये सीमारेषेजवळ गॅसचा सिलिंडर फुटला, सगळ्यांचं लक्ष तिकडं, आणि शाहिद आफ्रिदी पट्टीवर बुटाचे खिळे फिरवताना कॅमेऱ्यात सापडला. एक कसोटी आणि दोन वनडेची बंदी. आपल्या लीगमध्ये कॅमेरा नसतो, म्हणून चहाच्या वेळी मी पट्टीवरून हलत नाही.

मैदानाच्या बाकीच्या भागावरही शेरा असतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कानपूरला २०२४ मध्ये बांगलादेशाविरुद्ध दोन दिवस वाया गेले, आणि ओल निघत नव्हती म्हणून आउटफिल्डला 'असमाधानकारक' मिळालं. २००९ मध्ये अँटिग्वाला तर दहा चेंडूंत कसोटी गुंडाळली, कारण गोलंदाजांचे पाय रेतीत रुतत होते. आपल्याकडच्या पावसात मैदानाचा उतार आणि बाजूची गटारं नीट नसतील तर पट्टी कितीही चांगली असून उपयोग नाही. पैसा मात्र नेहमी पट्टीवर खर्च होतो, गटारावर कुणाला फोटो काढायचा नसतो.

शेवटी तुमच्या मॅटिंगचा प्रश्न. मॅटिंग म्हणजे सगळ्यांना सारखं असं समजतात, तसं नाही. कसोटीसुद्धा मॅटिंगवर झाल्यात. १९५६ मध्ये कराचीत ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ८० वर संपला, फझल महमूदनं सामन्यात १३ विकेट घेतल्या आणि पहिल्या दिवशी पूर्ण खेळात फक्त ९५ धावा झाल्या. काथ्याच्या चटईवर कटर, म्हणजे टप्पा पडून आत-बाहेर जाणारा वेगवान चेंडू, कसा चावतो ते त्याला घरचं ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं.

तालुक्याला होतं ते असं: यजमान चटई सैल ठेवतात. सैल चटईत चेंडू रुततो आणि वळतो, घट्ट ताणली की सरळ आणि वेगानं येतो. किंवा खालची जमीन एका टोकाला पोकळ सोडतात, मग त्या टोकाला चेंडू सरपटतो. तुम्ही सांगितलेल्या सामन्यात दुसऱ्या डावाआधी चटई परत ताणली, हे तर उघडच चुकीचं. एक डाव सैल, दुसरा डाव घट्ट, म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांवर एक सामना.

पुढच्या वेळी नाणेफेकीच्या आधी दोन्ही कर्णधारांना आणि पंचांना घेऊन चटईवर चाला. मधोमध चटई चिमटीत धरून वर ओढा. अंगठ्याएवढी उचलली तर सैल. चटई गुंडाळून खालची जमीन दोन्ही टोकांना टाचेनं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो. लांब खिळे सगळ्या कडांनी सारख्या अंतरावर आहेत का ते मोजा, आणि डाव बदलताना चटईला हात लावायचा तर पंच समोर पाहिजेत हे सामन्याच्या आधीच ठरवून घ्या. यजमान म्हणाले "आमचं मैदान, आम्ही बघतो" तर शांतपणे सांगा, नाणं उडेपर्यंत तुमचं, उडाल्यावर पंचांचं. आणि चेंडू टाकून बघायला शिडी लागली तर सांगा, आमची पडून आहे, बेळगावहून निपाणीला येणाऱ्या टेम्पोत टाकून देतो.